चिल्लर उपसावी की नाणी विकत घ्यावीत? सोलापूरच्या एका नाणेवेड्याची पद्धत

मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायचो. आठवड्याचा पगार रोखीत वाटायचे ते दिवस. शनिवारी सकाळी बँकेतून नोटांबरोबर चिल्लरीची पाकिटं आणायची आणि वरचे दोन-तीन रुपये मोजून प्रत्येकाच्या हातावर ठेवायचे. एकदा मोजताना दोन रुपयांच्या नाण्यावर शिवाजी महाराज दिसले. मी खिशातलं दोनाचं नाणं ढिगात टाकलं आणि ते उचललं. खर्च शून्य. पुढच्या शनिवारी ढीग जरा सावकाश मोजला, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी सावकाश. शेवटी मालकांनी विचारलं, "हिशेब चुकतोय का हो?"

आता ओळखीचे लोक पोरांना घेऊन येतात आणि विचारतात, "काका, नाणी जमवायची तर बँकेतून शोधायची की सरळ विकत घ्यायची?" माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिले सहा महिने एक रुपयाचीही खरेदी नको, फक्त चिल्लर उपसा. बँक जे देऊच शकत नाही ते त्यानंतर विकत घ्या. क्रम उलटा केला की माणूस फसतो. डोळा तयार नसतो आणि पैसा मात्र तयार असतो.

पाकीट, पिशवी आणि देवाची चिल्लर

परदेशात बँका नाणी कागदात गुंडाळून देतात. आपल्याकडे तसं नाही. चिल्लर मिळते ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात, शंभर नाण्यांच्या हिशेबाने. लोकांकडून नाणी घेताना अशी शंभराची पाकिटं सोयीची पडतात, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलेलं आहे. म्हणजे दोन रुपयांचं पाकीट २०० रुपयांना, पाचाचं ५०० ला.

दुसरा प्रकार टांकसाळीतून आलेल्या सीलबंद पिशवीचा. त्यातली नाणी कोरी, चकचकीत, बहुतेक एकाच वर्षाची आणि एकाच टांकसाळीची. नवख्याला ती बघून आनंद होतो, पण शोधायला त्यात काही नसतं. एक-दोन चांगले नमुने ठेवून बाकीची परत करायची. आपल्याला हवी ती लोकांनी भरलेली, हातांनी झिजलेली, सगळी वर्षं एकत्र झालेली चिल्लर. रोखपालाला नेमकं हेच सांगा: "नवी नको, भरण्यात आलेली जुनी द्या." बहुतेक वेळा तो खूशच होतो, कारण ती मोजून ठेवायचा त्याचा व्याप वाचतो.

सोलापूरकराचं नशीब इथे जोरावर आहे. आपल्या भोवती पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि गावातच सिद्धेश्वर. दानपेटीत पडलेलं नाणं शेवटी बँकेतच जातं. आषाढी-कार्तिकीनंतर पंढरपुरात, नवरात्रानंतर तुळजापुरात आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेनंतर सोलापुरात चिल्लरीला पूर येतो. ही चिल्लर गावची नसते. कर्नाटक, तेलंगण, आंध्र, मराठवाडा, सगळीकडचे खिसे त्यात रिकामे झालेले असतात. वर्षानुवर्षं देव्हाऱ्यात किंवा गल्ल्यात पडून राहिलेलं नाणं नवस फेडायलाच बाहेर निघतं, म्हणून एरवी व्यवहारात न दिसणारी नाणी या पाकिटांत सापडतात. ओळखही सोपी. हळद-कुंकवाचा रंग आणि तेलाचा चिकटा. हाताला लागतं, पण असं पाकीट मी कधी नाकारत नाही.

बँकेत कसं मागायचं

जिथे तुमचं खातं आहे तिथेच जा. महिन्याची पहिली दहा तारीख टाळा, पगार-पेन्शनची रांग असते. सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवसही नको. दुपारच्या जेवणानंतर गर्दी ओसरते, तेव्हा जावं. खिशात नोटा तयार ठेवाव्या. पहिल्या वेळी हजार रुपयांच्या वर मागू नये. काय करणार आहात ते खरं सांगून टाकावं. मी सुरुवातीला "दुकानासाठी पाहिजे" असं सांगायचो आणि तिसऱ्या भेटीत पकडला गेलो. "कुठलं दुकान हो तुमचं?" असं मॅडमनी विचारल्यावर काय बोलणार! खरं सांगितल्यापासून त्याच मॅडम एखादं वेगळं नाणं दिसलं की बाजूला ठेवतात.

एका शाखेत मला दोनदा "चिल्लर नाही" असं उत्तर मिळालं आणि त्याच वेळी मागे भिंतीला पाकिटांची थप्पी दिसत होती. भांडलो नाही. शाखा बदलली. हा छंद माणसांच्या मर्जीवर चालतो.

बँकेशिवायही वाटा आहेत. किराणा दुकानदार, दूध केंद्र, देवळापुढच्या फुलवाल्या, पिठाची गिरणी. एखाद्या अण्णांच्या दुकानात रोज रात्री गल्ला मोजतात. "चिल्लर मी मोजून घेतो, नोटा देतो" म्हटलं की ते नाही म्हणत नाहीत. मोबाइलवर पैसे द्यायची सवय लागल्यापासून गल्ल्यातली नाणी फिरतात कमी, साचतात जास्त. शोधणाऱ्याला हे बरंच आहे.

कोणत्या किमतीची नाणी आधी

दोन रुपये. डोळे मिटून दोन रुपये.

कारण असं. १९९२ ते २००४ या काळातलं दोन रुपयांचं नेहमीचं नाणं क्युप्रोनिकेलचं (तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचं) होतं, अकरा कोनांचं, मागे भारताचा नकाशा. वजन ६ ग्रॅम. याच धातूत आणि घडणीत सरकारने कितीतरी स्मारक नाणी चलनात सोडली: १९९६ चे सरदार पटेल, १९९८ चे श्री अरविंद आणि देशबंधू चित्तरंजन दास, १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराज, २००२ चे संत तुकाराम, २००३ चं रेल्वेची दीडशे वर्षं. त्यानंतरची दोनाची नाणी पोलादी झाली. आता युक्ती बघा. स्पीकरमधून काढलेलं एखादं चुंबक घ्या आणि दोनाच्या ढिगावरून फिरवा. पोलादी नाणी चुंबकाला चिकटून उठतील. ताटात उरतील ती क्युप्रोनिकेलची, म्हणजे जुनी. शंभर नाण्यांचं काम दोन मिनिटांत वीस-पंचवीसवर येतं. सुरुवातीला मी एकेक नाणं उलटून बघत रात्री बारा वाजवायचो. चुंबक कारखान्यातल्या एका फिटरने सुचवलं.

उठलेला ढीग मात्र तसाच फेकू नका. पोलादी नाण्यांतही २००५ नंतरच्या चार भागांच्या क्रॉसचं, मग हाताच्या मुद्रेचं (दोन बोटं दाखवणारं), २००९ चं लुई ब्रेलचं आणि २०१० चं राष्ट्रकुल स्पर्धेचं अशी बरीच आहेत.

दुसरा नंबर पाच रुपयांचा. जुनं जाड पाचाचं नाणं ९ ग्रॅमचं, हातात घेतलं की वजन कळतं. पाचात महाराष्ट्राच्या माणसाला गोडी वाटेल असं बरंच काही आहे: २००५ चं दांडी यात्रेचं, २००६ चं महात्मा बसवेश्वरांचं, २००७ चं लोकमान्य टिळकांचं. बसवेश्वरांचं नाणं सोलापुरात कुणाला दाखवलं तर ते परत मिळेल याची खात्री देता येत नाही. माझी दोन अशीच गेली. त्या दोन-तीन वर्षांतली काही पाचाची स्मारक नाणी क्युप्रोनिकेल आणि पोलाद अशा दोन्ही धातूंत निघाली आहेत. इथेही चुंबक लावून बघायचं आणि दोन्ही ठेवायची.

एक रुपयात १९९९ चे संत ज्ञानेश्वर शोधा. ते नाणं पोलादी आहे, चुंबकाने वेगळं होणार नाही, नजरेनेच गाठावं लागतं. २००३ चे महाराणा प्रतापही तसेच. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यांत स्मारकं भरपूर आहेत: २०१२ चं संसदेचं, २०१५ चं डॉ. आंबेडकरांचं, त्याच वर्षीचं योग दिनाचं. पण हजार रुपये गुंतवून शंभरच नाणी बघायला मिळतात. वर दुकानदारांचा जुना वहीम. दहाच्या नाण्यावर दहा रेघा असल्या तर खरं आणि पंधरा असल्या तर खोटं, ही अफवा एवढी पसरली की रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये सांगावं लागलं: आजवरच्या चौदाही नमुन्यांची नाणी वैध आहेत. वीस रुपयांचं बारा कोनांचं नाणं २०२० पासून हातात यायला लागलं. ते येईल तसं ठेवा, मुद्दाम पाकीट घेऊ नका.

पन्नास पैसे अजून कायद्याने चलनात आहेत, दहा रुपयांच्या रकमेपर्यंत. दुकानात कुणी घेत नाही, म्हणून बँकेत क्वचित दिसतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. ती शोधायला बँकेत जाऊ नका. त्यांचा विषय खरेदीत येईल.

ताटाभोवतीचं काम

स्टीलचं मोठं ताट घ्या. त्यात सुती कापड अंथरा, नाणं घसरत नाही आणि आवाजाने घरचे वैतागत नाहीत. बाजूला चुंबक, घड्याळजी वापरतात ती दहापट मोठं दाखवणारी भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि एक वही. दिवा डोक्यावर नको, बाजूने तिरका हवा. तिरक्या उजेडात झिजलेली अक्षरं उठून दिसतात.

पाकीट फोडायच्या आधी नाणी मोजा. एखाद्या पाकिटात ९९ निघतात आणि परत देताना तो रुपया आपल्या माथी बसतो.

मग चार फेऱ्या. पहिल्या फेरीत चुंबक. दुसऱ्या फेरीत नुसत्या मागच्या बाजू वर करून स्मारक नाणी उचलायची. तिसऱ्या फेरीत वर्ष आणि त्याखालची टांकसाळीची खूण. चौथ्या फेरीत चुकीचं छापलेलं काही आहे का ते बघायचं. चारही गोष्टी एकदम बघू गेलात तर एकही नीट दिसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

तिसऱ्या फेरीला नवी पोरं कंटाळतात, पण खरा संग्रह तिथेच उभा राहतो. आपल्याकडे चार सरकारी टांकसाळी आहेत. वर्षाखाली हिऱ्याची खूण असली तर नाणं मुंबईचं. पाच टोकांची चांदणी असली तर हैदराबादचं. बारीक गोल ठिपका नोएडाचा. काहीच खूण नसली तर कोलकात्याचं. हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर चांदणीऐवजी मधून चिरलेला हिरा किंवा पोटात ठिपका असलेला हिरा दिसतो. भिंगाशिवाय ही खूण मुंबईची वाटते आणि निम्मे लोक तिथेच चुकतात. माझ्या पहिल्या वहीतली हैदराबादची दोन पानं मला अशीच फाडून पुन्हा लिहावी लागली.

मधल्या काळात आपल्या टांकसाळी कमी पडल्या तेव्हा नाणी परदेशातूनही पाडून आणली गेली. १९८५ च्या एक रुपयावर 'एच' दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. १९९९-२००० च्या सुमाराच्या एक रुपयावर 'एमके' असेल तर ते स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्साचं, आणि त्याच सुमाराच्या पाच रुपयांवर रशियन लिपीतली तीन अक्षरं असतील तर ते मॉस्कोचं. सोलापूरच्या पाकिटात मॉस्कोचं नाणं निघालं की मला अजूनही गंमत वाटते. कुठून कुठे फिरून ते एखाद्या विडी कामगार अक्कांच्या बटव्यात आलं असेल!

वहीत प्रत्येक वर्षासमोर चार रकाने आखा, एका टांकसाळीला एक. सापडेल त्यावर बरोबरची खूण. प्रत्येक टांकसाळ दरवर्षी प्रत्येक नाणं पाडतेच असं नाही, त्यामुळे काही रकाने कायमचे रिकामे राहणार. ते कोणते हे शोधणं हा वेगळाच अभ्यास.

चुकीचं नाणं आणि मोडकं नाणं

टांकसाळीत झालेली चूक आणि बाहेर झालेली मोडतोड यांतला फरक कळला नाही तर या छंदात मनस्ताप आहे. खरी चूक छापतानाच झालेली असते. चित्र मध्यावरून सरकलेलं असतं आणि एका बाजूला कोरा चंद्र दिसतो. चकती कापताना शेजारच्या भोकावर पडली म्हणून कड गोल चावल्यासारखी असते. किंवा आधीचं नाणं साच्यातच अडकल्यामुळे एका बाजूला सरळ चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, खोलगट उमटतं. शेवटच्या प्रकाराला जुने संग्राहक 'लखी' म्हणतात. लखी सापडलं तर पाकिटाचा दिवस सोन्याचा.

बाकी बहुतेक 'विचित्र' नाणी म्हणजे मोडकी नाणी. रेल्वे रुळावर ठेवून चपटं केलेलं, हातोड्याने ठोकलेलं, कानशीने कड घासलेलं, ॲसिडमध्ये पातळ झालेलं. एक साधी परीक्षा: चूक खरी असेल तर बाकीच्या भागातली अक्षरं टवटवीत असतात आणि कडेची धातू दाबलेली दिसत नाही. दहा रुपयांचं आतलं चक्र निखळलेलं नाणं घेऊन लोक माझ्याकडे येतात. ते दुर्मिळ नाही, तुटलेलं आहे.

उरलेली चिल्लर कुठे घालवायची

पाचशे नाणी उपसून बारा ठेवली, तर चारशे अठ्ठ्याऐंशीचं काय? ज्या शाखेतून आणली तिथेच लगेच परत भरू नका. रोखपालाला त्रास होतो, आणि तीच पाकिटं पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्याच हातात येतात. काही बँका जास्त नाणी भरताना शुल्क घेतात. आपल्या बँकेचं आधी विचारून घ्या. मी पन्नास-पन्नासच्या पुड्या करून ठेवतो. भाजी, रिक्षा, दूध यांत निम्म्या जातात. बाकीच्या सिद्धेश्वराच्या वाटेवरच्या फुलवाल्यांना देतो, सणाच्या दिवशी त्यांना सुट्ट्यांची चणचण असते. बघून झालेल्या पुडीवर पेनाने एक टिंब काढायचं, म्हणजे आपलीच पुडी आपण पुन्हा फोडत नाही.

फुलवाल्या, दुकानदार हळूहळू वेगळी नाणी आपल्यासाठी ठेवायला लागतात. तेव्हा दर्शनी किमतीला उचलून गप्प बसू नये. बाजारात त्याला जास्त मिळत असेल तर सांगून टाकावं आणि वरचे पैसे द्यावेत.

शोधाची मर्यादा

आता हिशेब मांडू. हजार रुपयांत दोनाची पाच पाकिटं, पाचशे नाणी. चार फेऱ्यांना हात बसलेल्या माणसाला तास-सव्वा तास लागतो. हजारातले नऊशे सत्तर-ऐंशी रुपये परत खर्चता येतात. म्हणजे खर्च वीस-तीस रुपये आणि एक संध्याकाळ. पहिल्या महिन्यात प्रत्येक पाकीट काहीतरी देतं. सहाव्या महिन्यात पाच पाकिटांत एखादं नवं नाणं. वर्षानंतर तुम्ही एका संध्याकाळीत जे शोधता, ते बाजारात एखाद्या चहाच्या किमतीत पडलेलं असतं.

तिथे हट्ट सोडावा. एकाच नाण्यासाठी मी आठ महिने पाकिटं फोडली आणि शेवटी प्रदर्शनातल्या एका टेबलावर त्याचीच रास पाहिली. तरी ते आठ महिने फुकट गेले असं मी म्हणणार नाही. त्या राशीतून सगळ्यात कमी झिजलेलं नाणं मी अर्ध्या मिनिटात निवडलं आणि टेबलामागच्या माणसाने मान डोलावली.

बँक कधीच देणार नाही अशा गोष्टींची यादी मोठी आहे. १९६४ चं नेहरूंचं, म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं. १९६९ चं गांधी शताब्दीचं वीस पैशांचं पिवळं नाणं. ॲल्युमिनियमचे एक, दोन, तीन, पाच पैसे. गेंड्याचे पंचवीस पैसे. त्यामागचा आणा-पैचा काळ, ब्रिटिश रुपये, निजामाच्या राज्यातली हाली नाणी, मराठेशाहीतली तांब्याची शिवराई. हे सगळं विकतच.

खरेदी: कुठून आणि कशी

सर्वांत निर्धोक खरेदी सरकारी टांकसाळीची. प्रूफ (संग्राहकांसाठी खास आरशासारखी चमकदार पाडलेली) आणि न वापरलेल्या नाण्यांचे संच मुंबई-कोलकात्याच्या टांकसाळी स्वतः विकतात, संकेतस्थळावरून नोंदवता येतात. नव्या संसद भवनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणं अशांपैकी एक. ही नाणी चलनात येतच नाहीत, त्यामुळे बँकेत कितीही पाकिटं फोडली तरी मिळायची नाहीत. पण दुकानातून तिप्पट भावात घेण्याआधी टांकसाळीची विक्री सुरू आहे का ते बघा.

बंद झालेले पैसे घ्यायला प्रदर्शन उत्तम. पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर, सगळीकडे नाण्यांची प्रदर्शनं भरतात आणि सोलापूरहून या चारही ठिकाणी रात्रीच्या गाडीने जाता येतं. पहिल्या दिवशी निवड जास्त, शेवटच्या दुपारी भाव नरम. पैशांची साधी नाणी ढिगातून निवडून घ्यावीत, एकेक पाकीटबंद घेऊ नयेत. मोठ्या लिलावगृहांच्या वाटेला पहिली दोन-तीन वर्षं जाऊ नये. बोलीच्या वर कमिशन आणि कर चढतो, आणि भरात लावलेली बोली घरी सांगता येत नाही.

चांदीचा रुपया घेताना भावना बाजूला ठेवून गणित करावं. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. त्या दिवसाच्या ग्रॅमच्या भावाला याने गुणा, ही झाली तळाची किंमत. १९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, तिथे ५.८ ने गुणायचं. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा. चुंबकाला चिकटतो, चांदीचा म्हणून कुणी गळ्यात मारला तर हसून परत द्या. सराफ बाजारात धनत्रयोदशीच्या आधी राणीछाप रुपयाचा भाव चढतो, पूजेसाठी मागणी असते. घ्यायचा तर दिवाळी उलटल्यावर घ्या.

खोटा ओळखायची घरगुती पद्धत: काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं धरा. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपयाला काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवतो. जर्मन सिल्व्हरचा (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) असेल तर १.३ च्या वर जातो. खूप झिजलेल्या नाण्याचं वजनच कमी असतं, तेव्हा कोरड्या वजनाला या आकड्याने भागा, उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं. पाण्याचे बुडबुडे नाण्याला चिकटू देऊ नका. शिवाय कड बघा. ओतून बनवलेल्या नाण्याला कडेवर सांधा आणि अंगावर बारीक भोकं असतात. आपल्या भागात बायका रुपयांचे हार करून घालत, त्यामुळे वरच्या बाजूला कडी काढून घासल्याची खूण असलेले रुपये बरेच येतात. असा रुपया फक्त चांदीच्या भावात घ्यावा.

हाली नाणी सोलापूरकराने जरूर जमवावीत. नळदुर्ग-तुळजापूर निजामाच्या हद्दीत, आपण ब्रिटिश हद्दीत, त्यामुळे दोन्ही पैसे इथल्या बाजारात फिरले. चारमिनारचा हाली रुपया ब्रिटिश रुपयापेक्षा किंचित हलका, ११.२ ग्रॅमच्या घरातला, आणि चांदीही कमी कसाची. जुन्या वाड्यांत, आजीच्या डब्यात तो अजून निघतो.

शिवराईबद्दल एवढंच: साध्या शिवराया अजूनही परवडतात, आणि 'शिवाजी महाराजांच्या काळातली' म्हणून विकली जाणारी बहुतेक नाणी नंतरच्या पिढ्यांत पाडलेली असतात. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. अक्षरं पूर्ण चकतीवर बसलेली असतील तर भाव वाढतो. माझी पहिली शिवराई मी चिंच-मीठ लावून लख्ख घासली आणि मोठ्या अभिमानाने एका जाणत्याला दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन नुसतंच पाहिलं आणि म्हणाले, "तीनशे वर्षांचा रंग होता हो याला." नाणं कधीही घासू नका. दानपेटीचं कुंकू-तेल काढायचं असलं तर आधुनिक नाणी साबणाच्या पाण्यात ठेवून, न घासता, मऊ कापडाने टिपा.

ज्याला हात लावू नये

मोठा मान या नाण्याचा: एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८'. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. देवळांपुढे विकायला बनवलेली ही टोकनं आहेत. तांदूळ ओढतात, नशीब फिरवतात असं सांगून लाखांत विकली जातात.

वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं लाखाला विकलं जातं, ही तशीच थाप. २०१२ चं ते नाणं चलनातलं आहे, पाकिटात सापडतं. मोबाइलवर जाहिरात दिसते, माणूस नाण्याचा फोटो पाठवतो, समोरचा 'सौदा पक्का' म्हणतो आणि मग नोंदणी फी, कर, रिझर्व्ह बँकेची परवानगी असं सांगून पैसे उकळतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि कसलंही कमिशन घेत नाही. विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे, असा व्यवहार जगात कुठे असतो?

तिसरी गोष्ट कायद्याची. पलीकडे धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, प्राचीन तगर. पावसानंतर तिथे सातवाहनांची नाणी वर येतात, असं सांगत कुणी मुठीत नाणी घेऊन दारात आला तर चहा पाजून परत पाठवा. एक तर ती नकली असतात. खरी असली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवणंही १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून विक्टोरियाचा रुपया द्यायचा मोह आवरा. तेरची नाणी बघायचीच तर तिथल्या संग्रहालयात जा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथलं संग्रहालय एक पूर्ण दिवस खातं.

ठेवायचं कशात

मऊ प्लॅस्टिकचे खिसे असलेले स्वस्त अल्बम घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, त्या उकाड्यात ते प्लॅस्टिक घाम सोडतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर बसतो. दोन इंची चौकोनी पुठ्ठ्याची खोकी मिळतात, मधे पारदर्शक खिडकी असते. नाणं आत ठेवून चारही बाजूंनी पिन मारायची आणि पुठ्ठ्यावर वर्ष, टांकसाळ, कुठे मिळालं, कितीला मिळालं हे लिहायचं. कोकणातल्या मंडळींसारखी दमटपणाची चिंता सोलापूरला नाही, तरी पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी असू द्यावी. पत्र्याच्या कपाटात, स्वयंपाकघरापासून लांब.

विकायची वेळ आली तर

व्यापारी यादीतल्या भावाच्या बराच खाली घेतो, त्यालाही दुकान चालवायचं असतं. चांदी लगेच विकली जाते, टांकसाळीचे संच थोडं थांबून. पाकिटांतून जमवलेल्या झिजलेल्या स्मारक नाण्यांना मात्र गिऱ्हाईक शोधत बसू नका. गेल्या दिवाळीला माझ्याकडे एकाच नमुन्याची दोनाची नाणी डबाभर साचली होती. चांगली पाच निवडून ठेवली, शेजारच्या पोरांना एकेक दिलं आणि उरलेली सगळी शेंगदाणे आणि पोह्यांच्या बिलात अण्णांच्या गल्ल्यात परत गेली. मोजताना अण्णा म्हणाले, "काका, ही तर तुम्हीच माझ्याकडून नेली होती की!"